ओळसंयोजन, युनिक्स प्रणालीतील

ओळसंयोजन : संगणकाच्या युनिक्स व तत्सम परिचालन प्रणालींत एखाद्या आज्ञेकडून अनेक ओळींत मिळालेला मजकूर, लगतच्या दोन ओळींच्या दरम्यान स्वल्पविराम, उभी रेघ, अधिक चिन्ह यांसारखे ठरावीक चिन्ह घालून, एकाच ओळीत आणण्याची क्रिया. दरम्यान घातलेल्या चिन्हास विभाजक चिन्ह म्हणतात. ही क्रिया दिसावयास अत्यंत साधी आहे आणि तिच्यासाठी बहुधा एक छोटी आज्ञा पुरते; तथापि विभाजकाचे स्थान अथवा त्याची निवड चुकल्यास यादीतील एखादे नाव गळते, दोन नावांचे एक होते किंवा एका नावाची दोन होतात. अशा वेळी संगणक कोणतीही सूचना देत नाही. म्हणून ओळसंयोजनाच्या पद्धतींबरोबर तिच्यातील दोष आणि ते ओळखण्याची रीत समजून घेणे आवश्यक ठरते.

उपयोग व उदाहरण : युनिक्स प्रणालीतील बहुतेक आज्ञा आपले उत्तर ‘एका ओळीत एक बाब’ या रीतीने देतात. फायलींची यादी, वापरकर्त्यांची नावे, शोधलेल्या नोंदी इ. सर्व याच स्वरूपात मिळतात. पुढील प्रक्रियेस मात्र पुष्कळदा सर्व बाबी एका ओळीत हव्या असतात. उदा., विदासंचाला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत ज्या मूल्यांपैकी एखादे जुळावयास हवे त्यांची यादी कंसात व स्वल्पविरामांनी विभागून द्यावी लागते. वाशीम, रिसोड व मालेगाव येथील टपाल-निर्देशांक अशा प्रश्नात ४४४५०५,४४४५०६,४४४५०३ असे लिहावे लागतात. त्याचप्रमाणे ओळीओळीने लिहिलेल्या संख्यांची बेरीज करावयाची असल्यास त्यांच्या दरम्यान अधिक चिन्ह घालून तयार होणारी राशी ‘बीसी’ या गणन-आज्ञेस देता येते. ३, ५ आणि ७ या तीन ओळींची ३+५+७ अशी एक ओळ होते व उत्तर १५ मिळते.

या नोंदीत विवेचनासाठी वाशीम जिल्ह्यातील तालुक्यांची यादी घेतली आहे. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यात सहा तालुके आहेत. ‘तालुके’ नावाच्या एका फायलीत ते पुढीलप्रमाणे लिहिले आहेत असे मानू :

वाशीम
रिसोड
मालेगाव
मंगरूळपीर
कारंजा लाड
मानोरा

यांपैकी पाचव्या ओळीत दोन शब्द आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे हे दुसरे तालुक्याचे ठिकाण असल्याने ‘लाड’ हा शब्द गाळून चालत नाही. संयोजनानंतर अपेक्षित असलेली ओळ अशी :

वाशीम,रिसोड,मालेगाव,मंगरूळपीर,कारंजा लाड,मानोरा

युनिक्सच्या आज्ञा प्रत्यक्षात लहान रोमन अक्षरांत टंकतात. येथे त्यांचे उच्चार नागरी लिपीत दिले असून आज्ञेचे पर्याय दर्शविणाऱ्या अक्षरांपूर्वी प्रघाताप्रमाणे आडवी रेघ दिली आहे.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून युनिक्स प्रणाली विकसित केली. एका कार्यक्रमाचे प्रदान दुसऱ्या कार्यक्रमास आदान म्हणून सरळ जोडता यावे, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच मांडली होती. बागेतील पाणी देण्याच्या नळ्या एकमेकींना जोडाव्यात तसे कार्यक्रम जोडता यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ही सोय युनिक्समध्ये आणली व तिला ‘पाइप’ म्हणजे नळी हे नाव मिळाले. आज्ञेत ती उभ्या रेघेने दाखवितात. नळीतून वाहणाऱ्या मजकुराचे सर्वमान्य एकक ‘ओळ’ हे ठरले आणि म्हणूनच ओळी जोडणे वा तोडणे या क्रियांना या प्रणालीत महत्त्व आले.

संयोजनास उपयुक्त अशी साधने पुढील काही वर्षांत निर्माण झाली. आल्फ्रेड ॲहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निहॅन यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली ‘ऑक’ ही मजकूर-संस्करणाची भाषा १९७७ मध्ये तयार झाली. वापरकर्त्याच्या आज्ञा वाचून त्या अंमलात आणणाऱ्या कार्यक्रमास शेल म्हणतात. स्टीव्हन बॉर्न यांचे शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झाले आणि एका आज्ञेचे प्रदान दुसऱ्या आज्ञेच्या मजकुरात बसविण्याची म्हणजे आज्ञा-प्रतिस्थापनाची सोय त्यात होती. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले ‘बॅश’ हे शेल १९८९ मध्ये उपलब्ध झाले. निरनिराळ्या उत्पादकांच्या युनिक्समध्ये एकवाक्यता राहावी म्हणून ‘पॉसिक्स’ हे मानक सिद्ध झाले. त्याचा शेल व साधनांविषयीचा भाग १९९२ मध्ये मान्य झाला. लीनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स प्रणाली हीच परंपरा पुढे चालविते.

महाराष्ट्रात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र (स्थापना १९८५) आणि पुण्याचे प्रगत संगणन विकास केंद्र (१९८८) या संस्था संगणनाच्या क्षेत्रात अग्रेसर ठरल्या. यांपैकी पहिली संस्था पुढे दुसरीत विलीन झाली. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीच्या विकासाशी पुण्याच्या केंद्राचा निकटचा संबंध होता आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. नागरी मजकुराच्या संयोजनाशी या घटनेचा असलेला संबंध पुढे स्पष्ट केला आहे.

ओळीची रचना : कागदावर नवी ओळ सुरू होते ती जागा संपल्यामुळे. संगणकाच्या फायलीत मात्र ओळ अशी निराळी वस्तू नसते. सर्व वर्ण एकापाठोपाठ एक साठविलेले असतात व ओळ जेथे संपावयाची तेथे एक अदृश्य चिन्ह असते. या नवओळ चिन्हाचा संकेतांक १० आहे. पॉसिक्स मानकाच्या व्याख्येनुसार ओळ म्हणजे शून्य वा अधिक वर्ण आणि त्यांच्या अखेरीचे नवओळ चिन्ह होय. म्हणजेच नवओळ चिन्ह हे विभाजक नसून समाप्तिचिन्ह आहे; ते शेवटच्या ओळीनंतरही असते. सहा तालुक्यांच्या फायलीत ते सहा वेळा येते. याउलट, संयोजित ओळीतील स्वल्पविराम दोन नावांच्या दरम्यान येतो. त्यामुळे सहा नावांना पाचच स्वल्पविराम लागतात.

सहा समाप्तिचिन्हांचे पाच विभाजक करणे आणि उरलेले एक समाप्तिचिन्ह नव्या ओळीच्या अखेरीस जसेच्या तसे ठेवणे, हे ओळसंयोजनाचे सार आहे. संयोजनाच्या बहुतेक पद्धतींतील फरक व त्यांत आढळणारे बहुतेक दोष या एकाच्या अंतरातून उत्पन्न होतात.

संयोजनाच्या पद्धती : (१) वर्णांतर. ‘टीआर’ ही आज्ञा एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण घालते. नवओळ चिन्ह \एन असे लिहितात.

टीआर '\एन' ',' < तालुके

ही आज्ञा सहाही नवओळ चिन्हांचे स्वल्पविराम करते. त्यामुळे ‘मानोरा’ या नावानंतर एक अधिक स्वल्पविराम राहतो आणि ओळीस समाप्तिचिन्हच उरत नाही. पुढील कार्यक्रम त्या शेवटच्या स्वल्पविरामानंतर एक रिकामे नाव आहे असे समजू शकतो; म्हणजे जिल्ह्यात सातवा, पण निनावी तालुका निर्माण होतो. हा दोष घालविण्यासाठी ‘सेड’ या आज्ञेने ओळीच्या अखेरचा स्वल्पविराम काढतात. काही जण त्याऐवजी शेवटची एक बाइट आंधळेपणाने छाटून टाकतात. मूळ फायलीच्या शेवटी नवओळ चिन्ह नसेल, तर तेथे जादा स्वल्पविराम आलेलाच नसतो आणि छाटणी ‘मानोरा’मधील अखेरच्या कान्यावर होते. म्हणून ‘स्वल्पविराम असल्यासच काढावा’ अशी सशर्त सूचना देणे श्रेयस्कर असते.

(२) चिकटविणे. ‘पेस्ट’ ही आज्ञा मुळात अनेक फायलींतील ओळी शेजारी शेजारी मांडण्यासाठी आहे. तिला ‘एस’ हा पर्याय दिल्यास ती एकाच फायलीतील ओळी क्रमाने जोडते. ‘डी’ या पर्यायाने विभाजक सांगता येतो.

पेस्ट -एस -डी ',' तालुके

ही आज्ञा शेवटचे सोडून इतर सर्व नवओळ चिन्हे बदलते. त्यामुळे वर सांगितलेले एकाचे अंतर आपोआप साधले जाते आणि अपेक्षित ओळ थेट मिळते. नळीतून आलेला मजकूर जोडावयाचा असल्यास फायलीच्या नावाऐवजी आडवी रेघ लिहितात. काही प्रणालींत ती न लिहिल्यास आज्ञा चालत नाही. एकवर्णी विभाजकासाठी ही सर्वांत सुटसुटीत पद्धत होय.

‘डी’ या पर्यायाबरोबर एकाहून अधिक वर्ण दिल्यास ते मिळून एक विभाजक होत नाहीत, तर क्रमाने आणि पुनःपुन्हा वापरले जातात. वाचनाच्या सोयीसाठी स्वल्पविरामानंतर रिकामी जागा सोडावी, या हेतूने हे दोन वर्ण एकत्र दिले असता पुढील ओळ मिळते :

वाशीम,रिसोड मालेगाव,मंगरूळपीर कारंजा लाड,मानोरा

येथे पहिला, तिसरा व पाचवा विभाजक स्वल्पविराम असून दुसरा व चौथा रिकामी जागा आहे. ही ओळ स्वल्पविरामांपाशी तोडल्यास सहाऐवजी चारच तालुके मिळतात. हाच गुणधर्म जाणूनबुजून वापरल्यास मात्र उपयुक्त ठरतो. स्वल्पविराम, स्वल्पविराम व नवओळ चिन्ह असे तीन वर्ण क्रमाने दिल्यास दर तीन नावांची एक अशा दोन ओळी तयार होतात.

(३) ऑक भाषेचा उपयोग. विभाजक एकाहून अधिक वर्णांचा असल्यास ही पद्धत निर्वेध असते. ऑक भाषेत वाचलेल्या ओळीचा क्रमांक ‘एनआर’ या नावाने उपलब्ध असतो. क्रमांक एकाहून मोठा असल्यास प्रथम विभाजक छापावा, नंतर नवओळ चिन्हाविना ती ओळ छापावी आणि सर्व ओळी संपल्यावर एक नवओळ चिन्ह छापावे, अशा तीन सूचनांत काम होते. पहिल्या ओळीपूर्वी विभाजक येत नाही व शेवटच्या ओळीनंतरही येत नाही. ओळ छापताना तिला छपाईच्या साच्याच्या जागी ठेवू नये. साचा निराळा देऊन ओळ त्यात भरावी. अन्यथा मजकुरातील टक्केवारीचे चिन्ह सूचना म्हणून वाचले जाते व प्रदान बिघडते.

(४) सेड आज्ञेचा उपयोग. सेड ही मुळात एकेक ओळ वाचून संपादन करणारी आज्ञा असल्याने तिला दोन ओळींमधील चिन्ह दिसत नाही. त्यासाठी तिला प्रत्येक पुढची ओळ हातातील ओळीस जोडत राहण्याची व शेवटी सर्व नवओळ चिन्हे एकदम बदलण्याची सूचना द्यावी लागते. सूचनांचा हा संच लक्षात ठेवण्यास अवघड असतो आणि सर्व मजकूर एकाच वेळी स्मृतीत साठवावा लागतो. म्हणून मोठ्या फायलींसाठी ही पद्धत गैरसोयीची ठरते.

(५) आज्ञा-प्रतिस्थापन. ‘कॅट’ या आज्ञेने फाइल वाचून तिचे प्रदान अवतरणचिन्हांविना ‘एको’ या आज्ञेस दिल्यास सर्व मजकूर एका ओळीत येतो. याचे कारण असे की, अवतरणचिन्हे नसताना शेल मजकुराचे रिकाम्या जागा, टॅब व नवओळ चिन्ह यांपाशी तुकडे करते आणि एको ते तुकडे एकेका रिकाम्या जागेने जोडते. मात्र या क्रियेत ‘कारंजा’ व ‘लाड’ हे दोन स्वतंत्र तुकडे होतात. पुढे रिकाम्या जागांचे स्वल्पविराम केल्यास यादीत सात नावे दिसू लागतात आणि मूळची कोणती रिकामी जागा ओळीतील होती व कोणती ओळींच्या दरम्यानची, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. शिवाय मजकुरात ताराचिन्ह असल्यास शेल त्याच्या जागी चालू निर्देशिकेतील फायलींची नावे घालते. ‘एक्सआर्ग्ज’ या आज्ञेचा उपयोग करण्याच्या रीतीतही असाच दोष आहे. ती अवतरणचिन्हांनाही विशेष अर्थ देते आणि मजकूर फार मोठा असल्यास एकाऐवजी अनेक ओळी देते.

(६) शेलमधील यादी. बॅशच्या चौथ्या आवृत्तीपासून (२००९) ‘मॅपफाइल’ ही अंगभूत आज्ञा उपलब्ध आहे. तिला ‘टी’ हा पर्याय दिल्यास ती ओळी समाप्तिचिन्हाविना एका यादीत साठविते. नंतर ‘आयएफएस’ या चलास स्वल्पविराम हे मूल्य देऊन संपूर्ण यादी अवतरणचिन्हांत, तारांकित रूपाने, छापल्यास घटक स्वल्पविरामाने जोडले जातात. येथे आयएफएसमधील फक्त पहिला वर्ण विभाजक म्हणून वापरला जातो. हा बदल पुढील आज्ञांवर परिणाम करीत असल्याने तो उपशेलमध्ये मर्यादित ठेवणे योग्य असते. पर्ल, पायथन इ. भाषांतही यादीचे घटक जोडण्यासाठी स्वतंत्र सोय असते.

विभाजकाची निवड : ज्या चिन्हाने बाबी जोडावयाच्या ते चिन्ह कोणत्याही बाबीत असता कामा नये, हा विभाजक निवडण्याचा मूलभूत नियम होय. तो पाळल्यास संयोजित ओळ पुन्हा तोडून मूळ ओळी जशाच्या तशा मिळविता येतात. न पाळल्यास माहिती कायमची नष्ट होते. तालुक्यांच्या नावांत स्वल्पविराम नसल्याने तो येथे चालतो. परंतु प्रत्येक ओळीत ‘कारंजा लाड, जि. वाशीम’ असा पत्ता असल्यास स्वल्पविराम निरुपयोगी ठरतो व त्याऐवजी उभी रेघ वा टॅब घेणे इष्ट असते. स्वल्पविरामच आवश्यक असल्यास प्रत्येक बाब दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवण्याचा प्रघात आहे.

मानवी वाचक आणि यंत्र यांच्यातील भेद येथे दिसून येतो. मोडी लेखनात प्रथम शिरोरेषा आखून तिच्याखाली शब्दाशब्दांत जागा न सोडता सलग मजकूर लिहीत. जाणकार वाचक भाषेच्या व संदर्भाच्या आधारे त्यातील शब्द वेगळे करू शकत असे. यंत्रास असा संदर्भ उपलब्ध नसतो. कारंजा लाड हे एकच गाव आहे, हे वाशीमच्या रहिवाशास सांगावे लागत नाही. संगणकास मात्र ते विभाजकाच्या योग्य निवडीनेच सांगता येते.

फायलींच्या नावांची यादी जोडताना विशेष काळजी घ्यावी लागते. युनिक्समध्ये फायलीच्या नावात तिरपी रेघ व शून्य संकेतांकाचा वर्ण सोडून कोणताही वर्ण येऊ शकतो. नवओळ चिन्हही त्यास अपवाद नाही. अशा नावाच्या दोन ओळी होतात व ती दोन नावे वाटतात. म्हणून अशा याद्या शून्यवर्णाने विभागण्याची सोय ‘फाइंड’, एक्सआर्ग्ज इ. आज्ञांत केलेली आहे.

नागरी मजकुराचे संयोजन : वरील साधने मुळात एका वर्णास एक बाइट लागणाऱ्या रोमन मजकुरासाठी घडविली गेली. आज नागरी मजकूर बहुधा यूटीएफ-८ या संकेतनात साठवितात. हे संकेतन केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. म्हणजे युनिक्सच्या एका आद्य निर्मात्यानेच पुढे जगातील सर्व लिप्यांना युनिक्सचे दार मोकळे केले. यूटीएफ-८ मध्ये नागरीतील प्रत्येक वर्णास तीन बाइट लागतात व काना, वेलांटी ही चिन्हेही स्वतंत्र वर्ण म्हणून मोजली जातात. ‘वाशीम’ या शब्दात व, काना, श, दीर्घ वेलांटी व म असे ५ वर्ण असून तो १५ बाइट व्यापतो.

अनेक बाइटांच्या वर्णातील प्रत्येक बाइटचे मूल्य १२८ किंवा त्याहून अधिक असते, तर नवओळ चिन्ह (१०) व स्वल्पविराम (४४) ही त्याखाली राहतात. त्यामुळे नागरी वर्णाच्या पोटात चुकून नवओळ चिन्ह वा स्वल्पविराम सापडण्याचा संभव नसतो आणि जुनी साधनेही नागरी ओळी बिनधोक जोडू शकतात. इस्की संकेतप्रणालीतही रोमन लिपीचे संकेतांक न बदलता वरच्या अर्ध्या भागात भारतीय वर्ण बसविले असल्याने तिलाही हा गुण लाभला होता.

विभाजक चिन्हच नागरी असल्यास मात्र परिस्थिती पालटते. पूर्णविरामदर्शक दंड (।) हा २२४, १६५ व १६४ अशा तीन बाइटांचा असतो. लिनक्सवर सामान्यतः आढळणारी ग्नू प्रकल्पाची टीआर आज्ञा वर्ण न पाहता बाइट पाहते. ती प्रत्येक नवओळ चिन्हाच्या जागी दंडातील पहिली बाइटच घालते व उरलेल्या दोन सोडून देते. परिणामी कोणत्याही लिपीत न बसणारा सदोष मजकूर तयार होतो. पेस्ट आज्ञेच्या ज्या आवृत्त्या बाइटनिष्ठ आहेत त्या दंडाच्या तीन बाइटांना तीन वेगवेगळे विभाजक समजून आळीपाळीने वापरतात. ऑक भाषेत विभाजक ही वर्णांची संपूर्ण माला म्हणून हाताळली जात असल्याने दंड तेथे अखंड राहतो. म्हणून नागरी विभाजकासाठी ऑक वा तत्सम भाषेचाच अवलंब करावा.

इतर दोष व मर्यादा : (अ) अखेरच्या ओळीचे समाप्तिचिन्ह नसणे. काही संपादक कार्यक्रम फायलीच्या शेवटी नवओळ चिन्ह घालीत नाहीत. अशी फाइल शेलमधील ‘रीड’ या आज्ञेने आवर्तन करून वाचल्यास रीड शेवटची ओळ वाचते खरी, परंतु समाप्तिचिन्ह न मिळाल्याने अपयश कळविते व आवर्तन तेथेच थांबते. मानोरा तालुका यादीतून नाहीसा होतो आणि उरलेल्या पाच नावांची ओळ मात्र निर्दोष दिसते. ओळी मोजणारी ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञाही नवओळ चिन्हेच मोजत असल्याने तीही पाच हाच आकडा देते व चुकीस दुजोरा मिळाल्यासारखे होते. रीड अपयशी ठरूनही काही मजकूर हाती आला असल्यास तो स्वीकारावा, अशी अट आवर्तनात घातल्याने हा दोष टळतो.

(आ) प्रत्यागमन चिन्ह. विंडोज प्रणालीत ओळीच्या अखेरीस प्रत्यागमन (१३) व नवओळ (१०) अशी दोन चिन्हे असतात. टंकदूरमुद्रकाच्या काळात ती अनुक्रमे गाडा डावीकडे नेणे व कागद वर सरकविणे या क्रियांची द्योतक होती. अशा फायलीचे संयोजन केल्यास प्रत्येक नावामागे प्रत्यागमन चिन्ह शिल्लक राहते. पडद्यावर ओळ दाखविताना दर्शक त्या चिन्हापाशी पुन्हा आरंभी जातो व नावे एकमेकांवर लिहिली जातात. मजकूर नष्ट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो असतो. संयोजनापूर्वी टीआर आज्ञेने हे चिन्ह काढून टाकावे.

(इ) रिकाम्या ओळी. मध्ये एखादी रिकामी ओळ असल्यास संयोजनानंतर दोन स्वल्पविराम लागोपाठ येतात व त्यांच्यामध्ये एक निनावी बाब निर्माण होते. किमान एक वर्ण असलेल्या ओळीच पुढे पाठविण्याची सूचना ‘ग्रेप’ आज्ञेस देऊन अशा ओळी अगोदर वगळतात.

(ई) ओळीची लांबी. मजकूर-साधनांनी किमान २,०४८ बाइट लांबीची ओळ हाताळली पाहिजे, एवढीच हमी पॉसिक्स मानक देते. नागरीतील सहा वर्णांचे नाव व एक स्वल्पविराम यांना १९ बाइट लागतात. म्हणजे अशी सुमारे १०७ नावे होताच ही मर्यादा गाठली जाते. सहा तालुक्यांची ओळ तिच्यात सहज मावते, जिल्ह्यातील सर्व गावांची मात्र मावत नाही. आधुनिक साधने याहून पुष्कळ लांब ओळी स्वीकारतात. तथापि संयोजित ओळ एखाद्या बाह्य आज्ञेस एकच शब्द म्हणून द्यावयाची असल्यास लिनक्सवर साधारणतः १,३१,०७२ बाइटांची मर्यादा पडते. अशा वेळी ओळ नळीतून वा फायलीतून पुरविणे योग्य.

पडताळा : ओळसंयोजन झाल्यावर बाबींची संख्या मोजून पाहणे हा विश्वसनीय पडताळा होय. ऑक भाषेत स्वल्पविराम हे क्षेत्र-विभाजक ठरवून ‘एनएफ’ या चलाचे मूल्य छापल्यास संयोजित ओळीतील बाबींची संख्या मिळते. ती मूळ ओळींच्या संख्येइतकी असावी. मूळ ओळीही शक्यतो ऑकनेच मोजाव्यात, कारण समाप्तिचिन्ह नसलेली अखेरची ओळ ती भाषा गणतीत घेते. वाशीमच्या उदाहरणात दोन्ही ठिकाणी सहा हाच आकडा यावयास हवा. पाच आल्यास अखेरची ओळ गळली आहे, सात आल्यास शेवटी जादा विभाजक राहिला आहे, मध्ये रिकामी ओळ आहे किंवा एखादे नाव रिकाम्या जागेपाशी तुटले आहे आणि चार आल्यास दोन प्रकारचे विभाजक मिसळले आहेत, असे अनुमान करता येते. याहून कसोशीने पडताळा पाहावयाचा असल्यास संयोजित ओळ टीआरने पुन्हा स्वल्पविरामांपाशी तोडून मूळ फायलीशी ताडून पाहतात. दोन्हींत भेद न आढळल्यास संयोजन निर्दोष झाले असे समजण्यास हरकत नाही.